सांगड आणि सुरगांठ

नौकानयनाचा इतिहास लिहितांना ग्रंथकार बहुधा गलबतापासून आरंभ करितात. सातवाहनांच्या नाण्यांवरील दोन डोलकाठ्यांचें जहाज, कोंकण किनाऱ्यावरील मराठ्यांचें आरमार, मुंबईच्या गोदींत बांधलेलीं सागवानी जहाजें हीं त्या इतिहासाचीं ठळक प्रकरणें होत. गलबताच्या मागें होडी आणि होडीच्या मागें तराफा, इतकें मागें जाऊन बहुतेक लेखक थांबतात. परंतु तराफ्याच्याहि मागें आणखी एक पायरी आहे. त्या पायरीवर माणूस नावेंत बसलेला नसतो; तो स्वतःच नाव झालेला असतो. अर्धें अंग पाण्यांत, अर्धें पाण्यावर, आणि अंगाशीं बांधलेली एखादी हलकी वस्तु. मग तो वाळलेला भोपळा असो, फुगविलेलें कातडें असो, मातीचें मडकें असो कीं मोटारीच्या चाकांतील रबरी ट्यूब असो. अशा स्थितींत माणसानें हजारों वर्षें मासे धरिले व आजहि तो धरीत आहे. या साधनाचा इतिहास हा मुख्यतः मापाचा आणि बांधणीचा इतिहास आहे. नाव चार बोटें रुंद झाली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण जें अंगास बांधून पाण्यांत उतरावयाचें, तें चार बोटें सैल झालें तर प्राणांवर बेततें.

लातूर जिल्ह्यांतील जळकोट हें गांव अशा चर्चेसाठीं कोणास विचित्र वाटेल. नांवांत जळ आहे खरें, पण भोंवतालचा मुलूख बालाघाटाच्या पठाराचा, पावसाच्या भरवंशावर जगणारा. जवळच्या तिरू नदीचें पाणी अखेर गोदावरीस मिळतें. पावसाळ्यांत दोन्ही थड्या भरून वाहणारी ही तिरू उन्हाळ्यांत वाळू व चार डबकीं एवढीच उरते. हा सारा भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत, आणि १९८२ सालीं उस्मानाबादेपासून वेगळा काढून लातूर जिल्हा करण्यांत आला. मोठे जलाशय येण्यापूर्वीं या बाजूस बारमाही खोल पाणी म्हणजे विहिरीचें. तेव्हां पोहणें शिकावयाचें तें विहिरींत, आणि शिकविणारा बहुधा काका किंवा मामा. पोराच्या पाठीस पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा अथवा वाळलेला कडू भोपळा बांधावयाचा, आणि थारोळ्यावरून त्यास खुशाल पाण्यांत ढकलावयाचें, ही मराठवाड्याची जुनी पोहण्याची शाळा होय. तिच्यांत वह्यापुस्तकें नव्हतीं, पण एका विषयाची परीक्षा मात्र पहिल्याच दिवशीं होत असे. तो विषय म्हणजे दोरी कोठें व कशी बांधली.

भोपळा तयार करणें हें घाईचें काम नव्हे. फळ वेलीवरच जून होऊं द्यावें लागतें. देठ सुकून साल नखानें ओरखडेनाशी झाली म्हणजे तें उतरवून चुलीवरच्या धुरांत टांगून ठेवितात. आंतला गर हळूहळू आटतो, बिया सुट्या होतात, आणि फळ हालविलें कीं खुळखुळ वाजतें. तो खुळखुळाट हीच त्याच्या वाळलेपणाची खूण. कोठें बारीक तडा दिसला तर तो मेणानें किंवा लाखेनें बुजवितात. मग त्याभोंवतीं अंबाडीच्या दोरीची जाळी विणावयाची, कारण गुळगुळीत फळाभोंवतीं नुसती दोरी ठरत नाहीं. ओली होतांच ती निसटते. याच कुळांतील मोठा भोपळा भीमेकांठीं पंढरपूरच्या बाजूस पिकतो व मिरजेच्या कारागिरांकडे तंबोऱ्यासाठीं जातो. एका फळानें एकीकडे सूर धरावा आणि दुसरीकडे बुडतें माणूस धरावें, हा योग मोठा गमतीचा आहे.

एका भोपळ्यावर पोराचें भागतें. प्रौढ माणसास दोन लागतात. असे दोन भोपळे एकत्र जोडले म्हणजे त्यांस सांगड म्हणतात. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालची. तींत सांगड म्हणजे एकत्र बांधलेल्या दोन नावा हा जसा अर्थ दिला आहे, तसाच पोहण्यासाठीं जोडलेल्या दोन भोपळ्यांचाहि. शब्द फार जुना असावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक खलाशानें लिहिलेल्या पेरिप्लस नामक प्रवासवृत्तांत हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरील, ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नावांस 'संगर' असें नांव आलें आहे, आणि विद्वान् लोक त्याचा संबंध संस्कृतांतील संघाट शब्दाशीं व आपल्या सांगडीशीं जोडतात. आज शहरांतील सुशिक्षित गृहस्थ उत्पन्न आणि खर्च यांची सांगड घालीत असतो. ती घालतांना आपण नदींत उभे आहों हें त्याच्या ध्यानींमनींहि नसतें.

दोनच भोपळे कां, या प्रश्नाचें उत्तर थोड्या गणितानें मिळतें. वीतभराहून किंचित् कमी, म्हणजे २० सेंटिमीटर व्यासाचा गोल भोपळा घेतला तर तो पूर्ण बुडाल्यावर ४ लिटरांहून थोडें अधिक पाणी बाजूस सारतो. त्या पाण्याचें वजन ४ किलोंच्या वर भरतें. त्यांतून भोपळ्याचें स्वतःचें वजन वजा केलें तर सुमारें पावणेचार किलोंची उचल हातीं राहते. दोन भोपळ्यांची उचल साडेसात किलो झाली. मनुष्याचें शरीर पाण्याइतक्याच घनतेचें असल्यामुळें तें जवळजवळ आपोआप तरंगतें. प्रश्न असतो तो फक्त डोकें पाण्याबाहेर ठेवण्याचा. अमेरिकेंत हल्लीं मासेमारीसाठीं जीं साधीं जीवरक्षक जाकिटें प्रौढांकरितां मान्य आहेत, त्यांस किमान साडेपंधरा पौंडांची, म्हणजे सुमारें सात किलोंची उचल असावी लागते. प्रयोगशाळा, तराजू व सरकारी शिक्का यांच्या साहाय्यानें जो आंकडा ठरला, तोच आपल्या नदीकांठच्या माणसानें वेलीवरचीं दोन फळें निवडून गांठला होता.

पण उचल पुरेशी असणें वेगळें आणि ती योग्य जागीं असणें वेगळें. भोपळा कंबरेस बांधला तर कंबर वर येते आणि डोकें खालीं जातें. नवशिक्या मुलाचे पाय वर व तोंड पाण्यांत, अशी अवस्था त्यामुळेंच होते. तो काखेखालीं, छातीच्या किंवा पाठीच्या वरच्या भागाशीं बसला पाहिजे. दोरी सैल असली तर भोपळे हनुवटीपर्यंत वर सरकतात आणि माणूस त्यांच्याखालीं लोंबकळत राहतो. ती फार आवळली तर छाती फुगत नाहीं व दम लागतो. म्हणून जाणता माणूस पोरास श्वास पूर्ण भरून घ्यावयास सांगून मगच दोरी आवळीत असे. शेवटची गोष्ट गांठीची. आपल्या भाषेंत गांठीच्या दोन जाती आहेत: जी सहसा सुटत नाहीं ती निरगांठ, आणि एक टोंक ओढतांच सुटते ती सुरगांठ. भोपळ्याची जाळी निरगांठीनें बांधावयाची व अंगावरची दोरी सुरगांठीनें. विहिरींतल्या कपारींत, झाडाच्या मुळांत अथवा जाळ्यांत दोरी अडकली, तर एका हातानें तिच्यांतून मोकळें होतां आलें पाहिजे. अंगास घट्ट बसावें आणि क्षणांत सुटावें, या दोन उलट अटी या साधनास जन्मापासून लागलेल्या आहेत, आणि पुढील सर्व सुधारणा या दोन अटींभोंवतींच फिरतात.

गोदावरी व मांजरा यांच्या कांठच्या भोयांचे परंपरेनें दोन उद्योग: खांद्यावरून पालखी व मेणा वाहणें आणि पाण्यांतून मासे धरणें. पालखी वाहणाऱ्या भोयांचा उल्लेख बखरींतून व पत्रव्यवहारांतून येतो, कारण पालखींत कोणीतरी मोठा माणूस बसलेला असे. मासे धरणाऱ्या भोयाच्या खांद्यावर कोणी बसलेलें नसल्यामुळें तो कागदावर आला नाहीं. १८०३ सालच्या मोहिमेंत जनरल वेलस्ली यानें दक्षिणेंतील नद्या ओलांडण्यासाठीं बांबूच्या, चामड्यानें मढविलेल्या गोल टोपलीनावा करविल्या. त्यांविषयींच्या त्याच्या लेखी सूचना आजहि छापील ग्रंथांत वाचावयास मिळतात. फौजेची टोपली इतिहासांत शिरली आणि भोयाची सांगड बाहेरच राहिली. शब्दकोशानें तिला आसरा दिला हेंच तिचें नशीब.

मासेमाराच्या तरत्या साधनाचें एक सविस्तर वर्णन मात्र उपलब्ध आहे, आणि तें जुन्या मुंबई इलाख्यांतीलच आहे. सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई सरकारच्या ताब्यांत होता. त्यापूर्वीं, १८३१ सालीं, अलेक्झांडर बर्न्स हा इंग्रज अधिकारी सिंधु नदींतून वर लाहोरकडे गेला. त्याच्या काळापासून पुढें अनेक प्रवाशांनीं तेथील मोहाण्यांची, म्हणजे मासेमारांची, पल्ला नांवाचा मासा धरण्याची रीत मोठ्या कौतुकानें वर्णिली आहे. बंगाल्यांचा इलिश तोच हा पल्ला. पुराच्या दिवसांत तो समुद्रांतून नदींत शिरतो व प्रवाहाविरुद्ध वर चढतो. मोहाणा एक रुंद पोटाचें, आंखूड गळ्याचें, जाड भाजलेलें मातीचें मडकें पाण्यावर ठेवितो आणि त्याच्या तोंडावर पालथा पडतो. त्याचें पोट हेंच मडक्याचें झांकण. पाय मागें मोकळे असतात. ते वल्ह्याचें व सुकाणूचें, दोन्ही कामें करितात. हातांत लांब काठी, तिच्या टोंकास दुबेळकें, त्यास जाळ्याची पिशवी. मासा आंत शिरल्याचा धक्का लागतांच दोरी ओढून पिशवीचें तोंड मिटावयाचें, मासा वर घ्यावयाचा, अंग किंचित् उचलावयाचें आणि मासा मडक्यांत सोडून पुन्हां पोटानें तोंड बंद करावयाचें. होडी, टोपली व आसन हीं तिन्ही एकाच मडक्यांत आलीं.

या मडक्याच्या तोंडाचा घेर काय असावा, हा प्रश्न एखाद्या पुस्तकी माणसास क्षुल्लक वाटेल. परंतु सारी करामत त्यांतच आहे. तोंड फार रुंद असेल तर पोट त्यांत खचतें, कडेस फट राहते, आणि पहिल्या लाटेस मडकें भरतें. तें फार अरुंद असेल तर पल्ल्यासारखा चांगला हातभर मासा आंत जात नाहीं. कड धारदार राहिली तर तासाभरांत पोटाची कातडी सोलून निघेल. म्हणून ती जाड व गोल वळविलेली पाहिजे. कुंभार आणि मोहाणा यांच्यामध्यें या मापाचा जो करार होता तो कोठें लिहून ठेवलेला नव्हता. तो मासेमाराच्या पोटावरच लिहिलेला होता असें म्हणण्यास हरकत नाहीं. १९५५ सालीं कोटरी येथें सिंधूवर बंधारा पुरा झाला, पल्ल्याची वर चढण्याची वाट अडली, आणि त्या मडक्यांचें कामहि ओसरलें.

मडक्याहून कातड्याची युक्ति जुनी आहे. असुर देशाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या राजवाड्यांतील शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें ठेवलेले आहेत. हा राजा ख्रिस्तपूर्व ८८३ ते ८५९ या काळांत राज्य करीत होता. त्या पटांत फुगविलेल्या बकऱ्याच्या कातड्यांवर छाती टेकून नदी ओलांडणारीं माणसें दिसतात. कातड्याची एक नळी तोंडांत धरून तीं पोहतां पोहतांच आंत हवा भरीत आहेत. पुढें सिनाखेरिब राजाच्या काळच्या, म्हणजे ख्रिस्तपूर्व ७०० च्या आसपासच्या शिल्पांत अशाच कातड्यावर मांड ठोकून बसलेला, गळ टाकून मासे धरणारा माणूस आहे. कातडें फुगवितां येतें, त्यामुळें तें अंगाच्या मापाचें करून घेण्याची सोय त्यांतच असते. पण तें हळूहळू हवा सोडतें, हा त्याचा दोष त्या नळीवरून स्पष्ट दिसतो.

येथून पुढें कथा युरोप व अमेरिकेकडे वळते, कारण थंड पाणी तिकडे आहे, आणि थंड पाण्यानें या साधनांत नवी अडचण घातली. पाणी शरीरांतील उष्णता हवेपेक्षां वीस-पंचवीस पट वेगानें शोषून घेतें. तिरूच्या कोमट पाण्यांत लंगोटीवर दोन तास काढणारा माणूस स्कॉटलंडच्या सरोवरांत अर्ध्या तासांत गारठून जाईल. म्हणून तरंगण्याच्या जोडीला आंगझांकणीचा प्रश्न आला. तरंगण्याची सोय प्रथम बुचानें झाली. कॅप्टन वॉर्ड यानें १८५४ सालीं इंग्लंडांतील जीवरक्षक नौकांच्या खलाशांसाठीं बुचाच्या तुकड्यांचें जाकीट तयार केलें. लोकांना तें अडचणीचें वाटे. १८६१ च्या फेब्रुवारीच्या ९ तारखेस व्हिट्बी येथें वादळांत जीवरक्षक नौका उलटली व तेरा खलाशांपैकीं बारा बुडाले. वांचला तो हेन्री फ्रीमन, आणि नव्या नमुन्याचें जाकीट होतें तें त्याच्याच अंगावर. त्यानंतर अडचणीची तक्रार बरीच कमी झाली असल्यास नवल नाहीं.

आंगझांकणीचें काम रबरानें केलें. मॅकिंटॉश यानें १८२३ सालीं दोन कापडांच्या मध्यें रबराचा थर घालून पाणी न शिरणारें वस्त्र काढलें. पण तें उन्हांत चिकटे व थंडींत ताठ होई. १८३९ सालीं गुडइयर यास गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर पक्कें करण्याची रीत सांपडली. मग रबरी बूट आले, बुटाचे गुडघ्यापर्यंत वाढले, गुडघ्याचे कंबरेपर्यंत व अखेर छातीपर्यंत. छातीपर्यंत येणाऱ्या व पावलांशीं बंद असलेल्या या पायजम्यासच वेडर म्हणतात. १९३० सालीं अमेरिकेंत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत निओप्रीन हें कृत्रिम रबर निघालें. त्याच्या फेंसाळ जातीचे उबदार वेडर पुढें झाले.

पायांतील वल्ह्यांचा इतिहासहि असाच मापाचा आहे. बेंजामिन फ्रँकलिन यानें लहानपणीं बोस्टनमध्यें चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या दोन लंबगोल फळ्या केल्या होत्या. लांबी दहा इंच, रुंदी सहा इंच, आंगठ्यासाठीं भोंक. त्या हातांत धरून तो जलद पोहे, पण मनगटें दुखूं लागत. पायांतहि त्यानें तशाच फळ्या बांधून पाहिल्या. परंतु पोहणारा पावलाच्या आंतल्या बाजूनें व घोट्यानेंहि पाणी मारतो, त्यामुळें त्या पसंतीस उतरल्या नाहींत. म्हणजे कल्पना बरोबर, बसवणूक चूक. दोनशेंहून अधिक वर्षांनीं, १९३३ सालीं, लुई द कोर्ल्यू या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्यानें रबरी पायवल्ह्यांचें पेटंट घेतलें. अमेरिकेंतील ओवेन चर्चिल यानें त्यांचा परवाना मिळवून १९४० पासून ती वस्तु विकण्यास आणली, आणि दुसऱ्या महायुद्धांत पाणबुड्या सैनिकांनीं ती वापरली. यांनाच आतां सर्वत्र फिन म्हणतात.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेंतील हौशी मासेमारांनीं मालमोटारीच्या चाकांतील फुगविलेली ट्यूब, तिच्यावर किंतानाचें आवरण व मध्यें बसावयाची झोळी, अशी जुळणी केली. ही फ्लोट ट्यूब. माणूस झोळींत बसतो, छातीपर्यंतचा वेडर घालतो, पायांत फिन चढवितो आणि दोन्ही हात गळाच्या काठीसाठीं मोकळे ठेवितो. तो जातो पाठमोरा, कारण बसलेल्या स्थितींत गुडघ्यापासून पाय पुढें फेंकले कीं शरीर मागें सरकतें. सिंधच्या मोहाण्यानें पालथें पडून जें केलें, तेंच यानें बसून केलें. आणि मोहाण्यास कुंभाराकडे जी खटपट करावी लागे ती यास दुकानांत करावी लागते.

ती खटपट अशी. पाण्यांत एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरास १०० ग्रॅमांचा जादा दाब पडतो. त्या दाबानें वेडर पायास चहूंकडून चिकटतो. तो ढगळ असेल तर त्याच्या घड्या पडतात, त्या गुडघ्यामागें व जांघेंत रुततात, आणि दोनशें-तीनशें वेळां पाय मारल्यावर कातडें सोलतात. तो तोकडा असेल तर गुडघा वांकवितांच शिवणीवर ताण येतो व ती उसवते. म्हणून उभें राहून घेतलेल्या मापावर विसंबूं नये. आंत जाड कपडे घालून, उकिडवें बसून व एक पाय खुर्चीवर ठेवून जो वेडर ओढत नाहीं, तो मापाचा. मोज्यांवर मोजे चढवून पाऊल ठासून बसविलें तर रक्त फिरत नाहीं, आणि जें पाऊल ऊब राखण्यासाठीं झांकलें तेंच आधीं गार पडतें. कंबरेचा पट्टा हा शोभेचा भाग नव्हे. वेडरमध्यें पाणी शिरलें तर तें माणसास शिशासारखें खालीं ओढतें अशी समजूत आहे. वस्तुतः पाण्यांत पाण्याचें वजन लागत नाहीं. पण दोन्ही पायांत पाणी भरलेला माणूस पाय मारूं शकत नाहीं व कांठावर चढूं शकत नाहीं, आणि थंडी त्याचें काम पुरें करते. पट्टा तें पाणी कंबरेशीं थोपवून धरतो.

फिनची गोष्ट अधिक नाजूक आहे. ती अनवाणी पायानें मापून घेणें ही नेहमींची चूक. ज्या वेडरच्या पावलावर किंवा बुटावर ती चढणार, तेंच घालून मापली पाहिजे. टांचेमागील पट्ट्यांत एक बोट जाईल, दोन जाणार नाहींत, इतपत ताण बरा. सैल फिन चिखलांत किंवा पाणवेलींत निघून जाते, आणि एकाच फिनवर माणूस गोल गोल फिरत राहतो. वारा उलटा असेल तर कांठ हातभर अंतरावर दिसत असूनहि हातीं लागत नाहीं. यासाठीं घोट्यास एक जादा दोरी बांधतात. आडव्या पोहणाऱ्याची ताठ फिन बसलेल्या मासेमारास सोसत नाहीं, कारण तिकडे जोर कंबरेंतून येतो व इकडे गुडघ्यांतून. मांडींत पेटके येतात. झोळीच्या पट्ट्यास मात्र एका हातानें, न पाहतां सुटणारी कळ असते. ती कळ म्हणजे आपली सुरगांठच. कारखान्यानें ती पितळेची अथवा प्लॅस्टिकची केली, एवढाच फरक.

मराठवाड्यांत हीच ट्यूब निराळ्या वाटेनें आली. निजाम सरकारच्या रेल्वे खात्यानें १९३२ सालीं सरकारी बसगाड्या सुरू केल्या; त्यांच्या मागून मालमोटारी वाढल्या आणि टाकाऊ ट्यूब खेड्यापर्यंत पोंचली. विहिरींतल्या पोराच्या पाठीवरचा भोपळा जाऊन काखेंत ट्यूब आली. पुढें पाणीहि आलें. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांनीं बसविली व १९७६ सालीं इंदिरा गांधींनीं त्याचें उद्घाटन केलें. लहानमोठे जलाशय ठिकठिकाणीं झाले. तिरू नदीवरहि मध्यम प्रकल्पाचा तलाव झाला. जेथें पूर्वीं बाजरी व ज्वारी होती तेथें कटला, रोहू व मृगल आले, आणि कमरेइतक्या डोहाची संवय असलेल्या मासेमारास एकाएकीं मैलभर रुंदीच्या खोल पाण्यावर जावें लागलें. होडी घेण्यास पैसा नाहीं. तेव्हां ट्यूबेवर आडव्या दोऱ्या विणून, पाय पाण्यांत सोडून, हातांतल्या फळ्यांनीं पाणी सारीत तो सायंकाळीं जाळें टाकतो व पहाटे काढतो. अमेरिकन हौशी माणसाचें व याचें आसन एकच. मात्र त्यास वेडर नाहीं, फिन नाहीं, कळहि नाहीं. आणि खालीं सणाच्या जाळ्याऐवजीं आतां नायलॉनचें जाळें आहे. सणाचें जाळें ओढाओढींत तुटत असे. नायलॉनचा धागा पायाच्या आंगठ्यांत अडकला तर तो तुटत नाहीं व दिसतहि नाहीं.

अलीकडे पुष्कळ जलाशयांवर ट्यूबेच्या जागीं थर्माकोलचे तराफे आले आहेत. तरंगण्याच्या गुणांत थर्माकोलची बरोबरी भोपळाहि करणार नाहीं. परंतु तो अंगास बांधलेला नसतो. वाऱ्यानें तराफा उलटला म्हणजे तो इतका हलका असतो कीं, पोहणाऱ्याच्या दुप्पट वेगानें पाण्यावरून पळत सुटतो, आणि माणूस जाळ्यासह मागें राहतो. येथें साधनाची उचल वाढली व सांगड मात्र सुटली. जुन्या सायकलच्या ट्यूबेची दोन बोटें रुंद पट्टी, एक टोंक तराफ्यास निरगांठीनें व दुसरें मनगटास सुरगांठीनें बांधलें, तर खर्च फार तर चहाच्या एका पेल्याचा. पण ती पट्टी अजून क्वचितच दिसते.

मालमोटारींचे नवे टायर ट्यूबेवांचून येऊं लागल्यापासून चांगली ट्यूब मिळणेंहि कठीण होत चाललें आहे. पंक्चरच्या दुकानांत जी मिळते तिला ठिगळें अधिक असतात. अशी ट्यूब विकत घेतांना ती पुरती फुगवून रात्रभर हौदांत दगडाखालीं दाबून ठेवावी लागते. सकाळीं बुडबुडे दिसले नाहींत व तिचा घेर दोरीनें मोजून आदल्या दिवसाइतकाच भरला, तरच ती पाण्यावर नेण्याजोगी.